एक ओ म्हणजे तीन हाका

'हितंच' म्हणजे चार किलोमीटर. गंमत म्हणून सांगत नाही, मोजून सांगतो आहे. वेल्ह्याकडच्या कुठल्याही वाडीचा रस्ता विचारा, बांधावरचा माणूस हनुवटीनं डोंगराकडे खूण करतो आणि म्हणतो, "हितंच हाय की." मोटरसायकलचा काटा बघत मी ते हितंच अकरा वेळा मोजलं, सरासरी काढली आणि कोडमध्ये लिहून टाकलं: एक हितंच बरोबर चार हजार मीटर.

कोड लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी मालाच्या टेम्पोंचा माग ठेवणारा प्रोग्राम लिहितो. कुठला टेम्पो कुठं पोचला, त्याला किती उशीर झाला, अजून किती वेळ लागेल. दिवसभर नुसते मीटर आणि सेकंद. त्याचा वीट येऊन मी आणि शेजारच्या खुर्चीवरचा माझा सहकारी, अशा दोघांनी एक फाईल केली होती. तिचं नाव 'मापं'. तिच्यात आमची घरची मापं. 'निघालोच' हे वेळेचं माप: माणूस फोनवर "निघालोच" म्हणतो तिथपासून तो खरोखर चपला पायात घालतो तिथपर्यंत, पंचवीस मिनिटं. 'मुहूर्त' म्हणजे पत्रिकेत छापलेली वेळ आणि अक्षता पडल्याची वेळ यांतलं अंतर, सव्वा तास. 'उकळी' म्हणजे गॅसवरचं दूध नजर चुकवून उतू जायला लागणारा वेळ. उकळीचे आकडे मात्र आमचे जुळेनात. त्याच्या घरी दुधाकडे बघायला बायको होती, माझ्याकडे मी एकटाच.

प्रोग्रामला या नावांशी काही देणंघेणं नसतं, त्याला आकडा मिळाला की झालं. पण एखाद्या टेम्पोला साडेतीन निघालोच उशीर झाला, असं पडद्यावर उमटलं की आमच्या दोन्ही खुर्च्या एकदम हलायच्या. बाकीचे वळून बघायचे. आम्ही काही सांगायचो नाही.

मग ऑफिस घरी आलं. सहकाऱ्यानं दुसरी नोकरी धरली. पुण्यातलं भाडं एकट्यासाठी भरण्यात अर्थ नाही म्हणून मी भोरला दोन खोल्या घेतल्या, एसटी डेपोपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लग्नाचं जमलं नव्हतं आणि आता जमेल असं कुणी म्हणतही नव्हतं. आमच्या कामावर नवे साहेब आले. कधी प्रत्यक्ष पाहिले नाहीत, पडद्यावर एवढासा चौकोन. त्यांनी 'मापं' फाईल उघडली आणि विचारलं, "हे काय आहे?" मी समजावून सांगायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला माझ्याच लक्षात आलं की समजावलेला विनोद किती केविलवाणा असतो. "मीटर आणि सेकंद वापरा," ते म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. एका दुपारी बसून मी सगळी मापं काढून टाकली आणि फाईल माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवून दिली. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. पंधरा ओळींच्या फाईलसाठी एवढं वाटायला नको होतं, पण वाटलं.

ती फाईल पुन्हा उघडली ती आत्यासाठी.

आत्या म्हणजे वडलांची मोठी बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, आणि माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. वडील गेले, मी शिकायला भोरला आलो, तेव्हापासून वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत ती एकटी राहते. भाताची चार खाचरं, एक म्हैस. भोरला ये म्हटलं की म्हणते, "तितं म्या काय करू? तुजी पाठ बगत बसू?" माझी पाठच दिसते दिवसभर.

तिला सोबत होती ती ओढ्यापलीकडच्या म्हातारीची. आत्या तिला वैनी म्हणायची, ती आत्याला वन्सं. दोघींच्या मध्ये ओढा आणि करवंदीच्या जाळ्या. जायचं म्हटलं तर फेरा घालून अर्धा तास. म्हणून दोघी अंगणात उभ्या राहून हाका मारायच्या. दिवेलागणीला आत्या दिवा लावायची, अंगणात यायची आणि तळहात तोंडाशी धरून म्हणायची, "वैनीऽऽ." मग पलीकडून, "ओऽऽ." काम काहीच नसायचं. हाक आणि ओ, की दोघी आपापल्या घरात. मी लहानपणापासून हे ऐकत आलो, तेव्हा ते काही विशेष वाटायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गोठ्यात घसरून पडली. दुखापत फार नव्हती, पण मला ते चार दिवसांनी कळलं. तिच्याकडे बटणांचा मोबाईल आहे, तो पेटीत असतो, बंद. "चालू ठेवला की संपतोय," हे तिचं म्हणणं. मग मी माझ्या अकलेप्रमाणे एक यंत्र केलं. माझा जुना मोबाईल घराच्या वाशाला, जिथं रेंजच्या दोन काड्या येतात तिथं, सुतळीनं बांधला. त्याला एक स्पीकर आणि खाली भिंतीवर बशीएवढं लाल बटण. रोज संध्याकाळी सात वाजता मोबाईलमधून माझा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा: "आत्याऽऽ, बटण दाब. रविवारी येतो." तिनं बटण दाबलं की भोरला माझ्या पडद्यावर नोंद. पाच मिनिटांत दाबलं नाही तर माझा फोन बोंब मारणार.

याच्या कोडमध्ये मीटर आणि सेकंद लिहायला माझं मन धजलं नाही. इथं विचारणारे साहेब नव्हते. 'मापं' फाईल उघडून मी दोन नवी मापं घातली. 'हाक' आणि 'ओ'.

पहिल्याच संध्याकाळी फोननं बोंब मारली. पाच मिनिटं झाली, बटण नाही. मी दार ओढून घेतलं आणि निघालो. या वेळी निघालोच शून्य मिनिटं. कापूरहोळ, कामथडी, नसरापूर, पुढं वेल्ह्याचा रस्ता. दीड तासाच्या त्या वाटेवर मी मनात काय काय बघितलं ते लिहीत नाही. पोचलो तर आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती.

"बटण का दाबलं नाहीस?" मी ओरडलोच.

ती शांतपणे म्हणाली, "तिन्हीसांजेला पहिल्या हाकंला ओ देत्यात व्हय? शिकवलंय ना तुला? चकवा असतोय. त्यो एकदाच हाक मारतो. मानूस असंल तर दुसऱ्यांदा मारंल, तिसऱ्यांदा मारंल. तिसरीला ओ द्यायची. तुज्या डबड्यानं एकदाच मारली, मंग म्या कशी दाबू?"

मी पाटावर बसलो. खरंच शिकवलं होतं. लहानपणी संध्याकाळी खाचरात असताना कुणी हाक मारली की मी तोंड मिटून तीनपर्यंत मोजायचो. शाळा शिकलो, कॉलेज शिकलो, जगभरच्या टेम्पोंना बोलतं केलं आणि माझ्याच घरातली सगळ्यांत साधी अट कोडमध्ये लिहायला विसरलो. भाकरी खाल्ली आणि तिथंच दिव्याखाली बसून बदल केला. यंत्र तीन हाका मारेल, मध्ये एकेक मिनिट थांबून. फाईलमध्ये लिहिलं: एक ओ बरोबर तीन हाका. खूप दिवसांनी मी एकटाच हसलो.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. रोज सातला पहिली हाक, दुसरी हाक, तिसरी हाक, ओ. पडद्यावर रोज तीनचा आकडा पडायचा. तो पडला की मी कुकर लावायचो. सबंध पावसाळा तीन, तीन, तीन. आत्या आपल्या मापाला चिकटून होती.

दिवाळी होऊन गेली आणि आकडा बदलला. एक दिवस दोन पडला. आठवडाभरात एक. पहिल्याच हाकेला ओ. कोड लिहिणाऱ्या माणसाला उत्तर लवकर आलं की आनंद होतो, ती आमची खोडच. मला वाटलं, चला, यंत्रावर विश्वास बसला, तब्येतही बरी दिसते. जुन्या सहकाऱ्याला मी निरोप पाठवला की आत्याचा वेग तिप्पट झाला. त्यानं अंगठा पाठवला. आमच्यात आता तेवढंच उरलं होतं.

मग पडद्यावर एक चूक दिसायला लागली: 'हाकेआधी ओ'. म्हणजे यंत्रानं हाक मारायच्या आधीच बटण दाबलं जात होतं. सहा-सव्वासहाला केव्हातरी. ओ आधी आणि हाक मागून, असं जगात कुठं होत नाही. मी तारेत दोष असेल म्हणून कोड तपासला, बटणाला दमटपणा लागला असेल म्हणून कोड तपासला. काही सापडलं नाही. शेवटी आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. हाकेआधीच्या ओ मोजायच्याच नाहीत, असं लिहिलं. त्या सगळ्या एका वेगळ्या फाईलमध्ये जमा होऊ देत, तिचं नाव ठेवलं 'गोंगाट'. पडदा स्वच्छ झाला.

आणि मी वाडीला जात नव्हतो. काम होतं, ते खोटं नाही. पण रविवारी काम नव्हतं. रविवारी मी झोपायचो, कपडे धुवायचो, भोरच्या बाजारात एक चक्कर मारून यायचो आणि बोलायला कुणी नाही म्हणून चरफडत बसायचो. दीड तासावर बोलायला माणूस होतं. पण रोज आकडा पडतो आहे म्हटल्यावर भेटायची निकड वाटत नव्हती, हे मला कबूल केलंच पाहिजे.

गेलो तो नवा तांदूळ आणायला, थंडीतल्या एका रविवारी, नऊ आठवड्यांनी. अंगणात गाडी लावली आणि सवयीनं ओढ्यापलीकडे बघितलं. वैनीच्या घराला कुलूप. दारापुढं वाळका पाला साचलेला.

"दिवाळीला ल्योक आला आन घिऊन गेला कात्रजला," आत्या म्हणाली. "म्हस इकली. आता काय येत न्हाई ती."

"मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? तुज्या डबड्याला त्वांड हाय, कान कुठं हायत?" आणि मग तांदूळ पाखडता पाखडता, माझ्याकडे न बघता, "रोज म्हनतंय रविवारी येतो. कंचा रविवार त्ये सांगत न्हाई."

मी एकदाच रेकॉर्ड केलेलं ते वाक्य तिनं रोज ऐकलं होतं, आणि दर रविवारी वाट बघितली होती. मला तोंड वर करवेना. सूप सूं सूं करत राहिलं.

दिवस बुडाला. थंडीचा दिवस तो, सहालाच अंधारून आलं. उन्हाळ्यात यंत्र बसवलं तेव्हा सात ही दिवेलागण होती. मी सातचा आकडा लिहून मोकळा झालो होतो. दिवेलागण सरकत सहावर आली आणि माझी हाक सातलाच राहिली. आत्यानं हातपाय धुतले, दिवा लावला आणि अंगणात गेली नाही. भिंतीपाशी गोणपाट टाकून बटणासमोर बसली. तळहातानं बटण दाबलं. वर मोबाईलकडे बघत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा दाबलं आणि हात मांडीवर घेतले.

"हे काय करतेस आत्या?"

"तुला हाक मारते."

"मग मी ओ देतो का?"

"न्हाई. कामात असतोस," ती म्हणाली, जणू माझीच बाजू घेत. "वैनी बी हात रिकामा नसला की गप ऱ्हायची. तीन मारायच्या आन सोडून द्यायचं. चवथी मारू न्हाई."

सातला वाशावरून माझा आवाज आला: "आत्याऽऽ, बटण दाब. रविवारी येतो." रविवारच होता आणि मी तिच्या शेजारी बसलो होतो. पहिलीच हाक. आत्यानं लगेच बटण दाबलं.

"पहिल्या हाकेला?" मी म्हणालो. "चकवा असला तर?"

"असंल तर असंल," ती गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "हाक तर मारतोय."

आणि भात टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी भोरला आल्यावर ऑफिसचं काम बाजूला ठेवून मी 'गोंगाट' फाईल उघडली. बेचाळीस दिवसांच्या नोंदी. दर संध्याकाळी तीन, मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. एकशे सव्वीस हाका. एकही चौथी नाही. माणूस मारत होतं ती हाक मी ओ समजून आकडे मोजत बसलो होतो, आणि खरी हाक आली तेव्हा तिला गोंगाट म्हणून बाजूला सारलं होतं. मी रडलो. दुपार होती, खाली डेपोत गाड्यांच्या वेळा पुकारत होते, आणि मी रडत होतो.

मग यंत्राला कान केले. बटण दाबलं की वाशावरचा मोबाईल मला फोन लावेल आणि माझं बोलणं तिला स्पीकरवर ऐकू येईल. सातचा आकडा काढून रोजच्या सूर्यास्ताची वेळ घातली. "रविवारी येतो" पुसून टाकलं. आणि 'मापं' फाईलमध्ये, त्या जुन्या हितंच आणि निघालोचच्या खाली, एक ओळ वाढवली: एक रविवार बरोबर नऊ आठवडे. ती माझ्यासाठी होती. अजून काढलेली नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळची मीटिंग चालू होती. पडद्यावर नऊ चौकोन, नवे साहेब काही आकडे दाखवत होते, आणि माझा माईक चुकून चालूच राहिला होता. फोन वाजला. एकदाच, अर्धवट. मी तो उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "ओऽऽ." डोंगरात द्यावी तशी, पोटातून. नऊही चौकोन दचकले. साहेब बोलायचे थांबले आणि त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, घरून हाक आली आहे, आणि कॉम्प्युटर मिटला.

तिकडून आत्या कडाडली. "पहिल्याच हाकंला ओ दिलीस? तिन्हीसांजेला? शिकवल्यालं समदं इसरलास व्हय रं?"

"नाही विसरलो."

"मंग थांबायचं की तिसरीपातूर. म्या मारलीच असती."

"आणि नसती मारलीस तर?"

फोन चालू आहे का ते मी दोनदा बघितलं. तिच्या मागे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, म्हणजे चालू होता.

"आत्या," मी म्हणालो, "इथं मला पण कुणी हाक मारत नाही गं."

हे मी तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. भोरला माझं बरं चाललंय, एवढंच तिला माहीत होतं.

"आसं व्हय," ती म्हणाली. "मंग उद्या बी मारते."